हातावर शांतपणे चालणारा मोठा मिलिपीड कसा निवडायचा

मोठा मिलिपीड, म्हणजे पुष्कळ पायांचा वाणी, पाळायला घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण पहिला प्रश्न लांबीचाच विचारतात, किती मोठा आहे, अजून किती वाढेल, सगळ्यात मोठी जात कुठली वगैरे. मला वाटतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायला हवा. तुम्हाला तो नुसता काचेतून बघायचा नसेल, हातावर घ्यायचा असेल, तर आधी जात कुठली आणि तिचा स्वभाव कसा ते बघा, मग तो आला कुठून ते विचारा, मग समोर असलेला तो एक मिलिपीड तब्येतीने कसा आहे आणि हातावर ठेवल्यावर पहिली दोन मिनिटं काय करतो ते बघा, आणि हे सगळं जुळलं तर मग लांबी. वीस सेंटीमीटरचा घाबरट मिलिपीड घेण्यापेक्षा दहा सेंटीमीटरचा निवांत मिलिपीड कधीही बरा, कारण घाबरट असेल तर तुम्हीच थोड्या दिवसांनी त्याला हात लावायचं बंद करता.

एक गोष्ट आधीच नीट समजून घेऊया. मिलिपीडला हाताळणं आवडत नाही. तो तुम्हाला ओळखत नाही, त्याला लळा लागत नाही, तो फक्त सहन करतो किंवा करत नाही. म्हणून आपण जो शांत मिलिपीड शोधतोय तो प्रेमळ मिलिपीड नाही, तर ज्याला तुमचा हात म्हणजे चालायची अजून एक जमीन एवढंच वाटतं असा मिलिपीड. हे एकदा डोक्यात बसलं की निवड सोपी होते, कारण मग तुम्ही बघता ती एकच गोष्ट, हा प्राणी कशाने दचकतो आणि दचकल्यावर सावरायला किती वेळ घेतो.

सगळ्यात आधी समोर आहे तो मिलिपीडच आहे ना एवढं बघा. वाणी म्हणजे मिलिपीड, गोम वेगळी. हे काहींना फार साधं वाटेल पण नवीन माणूस खरंच गोंधळतो. गोमेच्या अंगाच्या प्रत्येक कड्याला पायांची एकच जोडी असते, पाय बाजूला पसरलेले असतात, ती झटकन पळते, आणि तिच्या पुढच्या पायांच्या जोडीचे विषारी नखे झालेले असतात, ती चावते आणि चांगलंच दुखतं. मिलिपीडच्या बहुतेक कड्यांना दोन दोन जोड्या असतात, पाय अंगाखाली असतात, आणि तो सावकाश चालतो. त्याच्याकडे विष टोचायचा कुठलाही अवयव नाही. तोंड कुजलेली पानं आणि लाकूड खरवडून खायला बनलेलं आहे.

मग भीती कशाची, तर त्याच्या अंगातून निघणाऱ्या द्रवाची. आणि हातावर घ्यायला मिलिपीड निवडताना सगळा खेळ या द्रवाभोवतीच फिरतो म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. लांब गोल अंगाच्या मिलिपीडच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ प्रत्येक कड्यावर एकेक बारीक छिद्र असतं, आत ग्रंथी असते. प्राणी घाबरला की पहिली पायरी म्हणजे वेटोळं करून बसणं, डोकं आणि पाय आत, कडक पाठ बाहेर. तेवढ्याने भागलं नाही, म्हणजे कोणी दाबलं, ओढलं, हलवत राहिलं, तर दुसरी पायरी, त्या छिद्रांतून पिवळट तपकिरी द्रव बाहेर येतो. त्यात बेंझोक्विनोन नावाची रसायनं असतात, वास उग्र, आणि कातडीला लागला की आधी पिवळा मग तपकिरी, कधी जांभळट काळा डाग पडतो जो साबणाने निघत नाही, कातडीचा वरचा थर झडेपर्यंत राहतो. बहुतेकांना डाग आणि थोडी जळजळ एवढंच होतं, काहींना फोड येतात. डोळ्यात गेला तर मात्र प्रकरण गंभीर, डोळा लाल होतो, सुजतो, बुबुळाला जखम होऊ शकते. असे डाग बघून डॉक्टरांनाही मार लागलाय किंवा रक्तपुरवठा बंद झालाय असं वाटल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत. म्हणून घरातल्यांना हे माहीत असलेलं बरं.

याच द्रवाचा उपयोग करून घेणारे प्राणीसुद्धा आहेत, व्हेनेझुएलातली कॅपुचिन माकडं एका मोठ्या मिलिपीडला पकडून अंगावर चोळतात आणि त्यातल्या याच प्रकारच्या रसायनांमुळे डास लांब राहतात. आपल्याला तसलं काही करायचं नाहीये, पण हे रसायन किती जोरदार आहे ते यावरून कळतं.

आता महत्त्वाचं हे की दुसरी पायरी किती लवकर येते ते जातीजातीत आणि एकाच जातीतल्या दोन प्राण्यांमध्येसुद्धा वेगळं असतं. काही जाती नुसतं उचललं तरी द्रव सोडतात, काहींना बराच त्रास दिल्याशिवाय थेंबही येत नाही. काही उष्ण प्रदेशातल्या जाती तर द्रव नुसता सोडत नाहीत, पिचकारी मारतात, कधी कधी बरीच लांब. अशा जातीला हातावर घेण्याच्या यादीतून सरळ बाद करा, कितीही सुंदर असली तरी.

तर जाती. हाताळायला म्हणून सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते आफ्रिकन जायंटचं, आर्किस्पायरोस्ट्रेप्टस गिगास. पूर्व आफ्रिकेतला, मोझांबिकपासून केनियापर्यंत सापडणारा, काळा किंवा गडद तपकिरी. पूर्ण वाढलेला साधारण २० ते २८ सेंटीमीटर, काही ३३ सेंटीमीटरपर्यंत जातात, आणि नोंद झालेला सगळ्यात मोठा ३८.७ सेंटीमीटरचा होता. नीट सांभाळला तर पाच ते सात वर्षं सहज, कधी जास्तही. याचा स्वभाव खरंच संथ, आणि अनेक प्राणिसंग्रहालयांत आणि कीटकघरांत लोकांना हातावर द्यायला हाच ठेवतात. द्रव याच्याकडेही आहे, पण छळल्याशिवाय सहसा वापरत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, हा जड असतो आणि त्याच्या पायांच्या टोकाची नखं पकड घेतात, काहींना ते मऊ ब्रश हळूच फिरवल्यासारखं वाटतं तर काहींना बारीक टोचल्यासारखं, हे आधी कुठेतरी हातावर घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. दुसरं, आफ्रिकेतल्या बऱ्याच काळ्या मोठ्या जाती याच नावाने विकल्या जातात, छोटी पिल्लं तर अजिबातच ओळखू येत नाहीत, त्यामुळे जायंट आफ्रिकन एवढ्या नावावर विश्वास ठेवू नका, पूर्ण शास्त्रीय नाव विचारा, आणि शक्य असेल तर त्याचे आईबाप दाखवा म्हणा.

पश्चिम आफ्रिकेतला टेलोडायनोपस आउटी हा मला वैयक्तिकरीत्या फार आवडणारा पर्याय. गिगासपेक्षा लहान, अंगाने सडपातळ, अंग तपकिरी आणि पायांवर ठिपके ठिपके. हा जरा चपळ असतो, एका जागी बसत नाही, सतत पुढे पुढे चालतो, त्यामुळे ज्याला हातावर निवांत बसलेला प्राणी पाहिजे त्याला हा नको, पण ज्याला पायांच्या लाटा जवळून बघायच्यात त्याने जरूर बघावा, कारण हा लवकर वेटोळं करत नाही आणि पाळलेल्या जागीच त्याची पिल्लं होतात.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला नार्सियस अमेरिकानस साधारण दहा सेंटीमीटरचा, करडा अंग आणि प्रत्येक कड्याच्या कडेला लालसर रेघ. जंगलातून नुकताच पकडलेला असेल तर हमखास हात रंगवतो, पण महिना दोन महिने एका जागी राहिला की बराच निवळतो. नवीन माणसासाठी चांगला, फक्त पहिल्या काही वेळा बोटं पिवळी होतील याची तयारी ठेवा. फ्लोरिडाकडचा चिकोबोलस स्पिनिजेरस, ज्याला आयव्हरी मिलिपीड म्हणतात, तोही याच आकाराच्या आसपास, फिकट पांढरट रंगाचा, आणि याची पैदास इतकी सहज होते की पाळलेल्याच्या पोटचा मिळणं अवघड नाही. लहान मुलांच्या हाताला हा आकार मला जास्त योग्य वाटतो, कारण मोठा गिगास लहान तळहातावर मावतच नाही, अर्धा लोंबकळतो आणि मग पडायची भीती.

अमेरिकेच्या नैऋत्य वाळवंटातला ऑर्थोपोरस ऑर्नाटस दिसायला देखणा, सोनेरी आणि चॉकलेटी कडी, आणि आकारही भरपूर. पण हा वर्षाचा बराच काळ जमिनीत खोल असतो, पावसानंतर बाहेर येतो, आणि विकायला येणारे बहुतेक जंगलातून पकडलेले असतात. हाताळायला वाईट नाही, पण पहिला मिलिपीड म्हणून मी सुचवणार नाही.

आता टाळायचे. सपाट पाठीचे, ज्यांच्या प्रत्येक कड्याच्या बाजूला छोटे पंख फुटल्यासारखे दिसतात, ते हातावर घ्यायला नकोत, त्यांचा गट हायड्रोजन सायनाइड तयार करतो. एका प्राण्याकडून निघणारं प्रमाण मोठ्या माणसाला मारण्याइतकं नसतं, पण हवा न खेळणाऱ्या डब्यात तो प्राणी स्वतःच गुदमरू शकतो, आणि हा गट सहसा आकारानेही फार मोठा नसतो, मग कशाला. कॅरिबियन भागातला पिवळा काळा बंबलबी मिलिपीड, अनाडेनोबोलस मोनिलिकॉर्निस, खूप गोड दिसतो पण जरा हात लागला की द्रव सोडतो, त्याला टँकमध्येच राहू द्या. लालभडक आणि नारिंगी रंगाच्या मादागास्कर आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या जातींबद्दलही माझं मत तसंच, तो रंग म्हणजे शिकाऱ्याला सूचना आहे की मला तोंड लावू नको, आपणही ती सूचना वाचावी.

आणि एक वेगळाच गट, जायंट पिल मिलिपीड, जे चेंडूसारखे गोल होतात. यांच्याकडे तो डाग पाडणारा द्रव नसतो, त्यामुळे हाताळायला आदर्श वाटतात आणि लोक मोहात पडतात. पण हे पाळलेल्या जागी जगत नाहीत, त्यांच्या खाण्याच्या आणि वातावरणाच्या गरजा बहुतेकांना जमत नाहीत आणि ते काही महिन्यांत मरतात. स्वस्त मिळाले, सुंदर दिसले, तरी घेऊ नका. मनापासून सांगतोय.

जात ठरली की पुढचा प्रश्न तो आला कुठून. पाळलेल्याच्या पोटी जन्मलेला आणि जंगलातून पकडलेला यात हाताळण्याच्या दृष्टीने जमीन अस्मानाचा फरक असतो. जंगलातून आलेल्या मोठ्या मिलिपीडचं वय कळत नाही, तो आयुष्याच्या शेवटच्या वर्षात असू शकतो, प्रवासात सुकलेला असू शकतो, पोटात जंत असू शकतात, आणि तो प्रत्येक हालचालीला शिकारी समजतो. शिवाय कुठल्या तरी जंगलातून तो कमी झालेला असतो, हे मला तरी खटकतं. पाळलेल्यांत जन्मलेला प्राणी लहानपणापासून डबा उघडणं, माणसाचा वास, उचलणं याला सरावलेला असतो, आणि वयही विचारलं तर सांगता येतं. विकणाऱ्याला सरळ विचारा, तुमच्याकडे याची पिल्लं आहेत का, दाखवाल का. ज्याच्याकडे वेगवेगळ्या आकाराची पिल्लं एकाच टँकमध्ये दिसतात तो खरं बोलतोय. सगळे एकाच आकाराचे, सगळे पूर्ण वाढलेले, आणि पिल्लू एकही नाही, म्हणजे ते बहुधा पकडून आणलेले आहेत. काही देशांत परदेशी मिलिपीड आणायला किंवा ठेवायला परवाना लागतो, तुमच्याकडे काय नियम आहे ते पैसे द्यायच्या आधी बघा.

आता समोर टँक आहे आणि त्यातून एक निवडायचाय. घाई करू नका. आधी हात न लावता बघा. जो पृष्ठभागावर चालतोय त्याच्या अँटेना, म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशा, बघा, चांगला मिलिपीड चालताना दोन्ही अँटेनांनी पुढची जमीन सतत टकटक करत असतो, कारण त्याची नजर अगदीच कमजोर, जग कळतं ते अँटेनांनी. अँटेना तुटलेली असेल किंवा तो ती हलवतच नसेल तर पुढचा बघा. चालताना पायांची लाट मागून पुढे सलग जाते का, कुठे खंड पडतोय का. दोन चार पाय नसणं चालतं, पुढच्या कात टाकण्यात ते परत येऊ शकतात, पण एका बाजूचे ओळीने बरेच पाय नसतील तर त्याला कोणीतरी ओढून उपटलाय किंवा तो आजारी आहे.

मग उचला, किंवा विकणाऱ्याला उचलायला सांगा आणि तो कसा उचलतो तेही बघा, आणि त्याच्या बोटांकडे बघा, बोटं पिवळी तपकिरी असतील तर या टँकमधले प्राणी रोज द्रव सोडतायत, म्हणजे एकतर जात तशी आहे किंवा हाताळणी आडदांड आहे. हातात आल्यावर वजन जाणवायला हवं. आकाराच्या मानाने हलका, पोकळ वाटणारा मिलिपीड म्हणजे सुकलेला किंवा उपाशी. वेटोळं घट्ट असायला हवं, ढिलं वेटोळं, किंवा उचलल्यावर नुसता लोंबणारा आणि काहीच न करणारा मिलिपीड शांत नसतो, तो मरायला टेकलेला असतो, हा फरक ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं कारण नवीन माणूस नेमका त्यालाच गुणी म्हणून घेऊन जातो. पाठीवर चकाकी हवी, कड्यांमधे भेगा नकोत, बाजूला ओलसर थेंब नकोत, बुरशीसारखे पांढरे किंवा काळे खोलगट डाग नकोत. पोटाकडून बघा, पायांच्या मुळाशी काही कुजलंय का, शेवटच्या कड्याशी घाण चिकटलीय का. कुजकट वास आला तर तिथेच थांबा.

अंगावर फिरणारे माइट, म्हणजे गोचिडीच्या जातीचे अगदी बारीक जीव, बघून घाबरू नका. मोठ्या आफ्रिकन मिलिपीडवर बऱ्याचदा फिकट तपकिरी माइट असतात जे त्याला अपाय न करता पायांमधून फिरत राहतात. पण ते एकाच जागी गच्च चिकटलेले असतील, तोंडाजवळ किंवा पायांच्या मुळाशी पुंजके असतील, किंवा प्राणी सुस्त असेल तर नको.

आता खरी परीक्षा. तळहात सपाट ठेवा, वेटोळं केलेला मिलिपीड त्यावर ठेवा आणि काहीही करू नका. हलवू नका, फुंकर मारू नका, बोटाने टोचू नका. चांगला, हाताळायला योग्य मिलिपीड थोड्या वेळात वेटोळं सैल करतो, आधी अँटेना बाहेर येतात, हाताला टकटक करतात, मग तो उलगडून चालू लागतो. एक दोन मिनिटांत हे झालं तर उत्तम. पाच मिनिटं झाली तरी घट्टच असेल तर त्याला परत ठेवा आणि दुसरा बघा, आणि थोड्या वेळाने हवं तर परत याला एक संधी द्या, कदाचित नुकतंच कोणीतरी त्याला त्रास दिला असेल. चालायला लागल्यावर बोट त्याच्या वाटेत हळूच आडवं ठेवा. तो अँटेनाने तपासून वर चढला किंवा वळून बाजूने गेला तर हाच तुमचा. दचकून परत वेटोळं केलं, सावरला, परत चालला, तरी ठीक. झटके देत अंग वळवायला लागला किंवा द्रव सोडला तर नको. बरेच जण पहिलाच जो हातात येतो तो घेतात, पण तीन चार प्राण्यांना असं बघितलं की त्यांच्यातला फरक इतका स्पष्ट दिसतो की मग प्रश्नच उरत नाही.

नर घ्यायचा की मादी, याने स्वभावात मला तरी फार फरक जाणवलेला नाही. मादी सहसा जाड असते, नर सडपातळ. खात्री करायची तर पोटाकडून डोक्यापासून सातवं कडं बघा, पूर्ण वाढलेल्या नराच्या त्या कड्यावर चालायचे पाय नसतात, तिथे वेगळे अवयव असतात आणि पायांच्या ओळीत मोकळी जागा दिसते. पिल्लांमध्ये हे कळत नाही. भरपूर पिल्लं नको असतील तर एकटाच ठेवा, मिलिपीडला एकटेपणाचा त्रास होत नाही. पूर्ण वाढलेली मादी एकटी घेतली तरी ती आधीच फळलेली असू शकते आणि काही महिन्यांनी मातीत शंभर बारीक पांढरे मिलिपीड सापडू शकतात, तर तशी तयारी असू द्या.

वयाच्या बाबतीत, हाताळायचा असेल तर अर्धवट वाढलेला घ्यावा असं मी म्हणेन. अगदी पिल्लू नाजूक असतं आणि सारखं कात टाकत असतं, पूर्ण वाढलेल्याचं किती आयुष्य उरलंय ते कळत नाही, मधला तुमच्या हाताशी सवय करत मोठा होतो आणि तुम्हीही त्याच्यासोबत शिकता. जो फिकट, मऊ, पांढरट दिसतोय तो नुकताच कात टाकून आलाय, त्याला हात लावू नका, घरी आणायचा तर अजिबात नाही, त्या वेळी जराशा दाबानेही तो फाटतो.

तुमच्या बाजूनेही थोडं बघा. कातडी पटकन भडकते, एक्झिमा आहे, हाताला चिरा आहेत, तर आधी कुठल्या तरी कीटकघरात किंवा ओळखीच्याकडे हातावर घेऊन बघा. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी विशेष सांभाळा, हाताळून झाल्यावर त्या दिवशी लेन्स दुसऱ्याकडून काढून घ्या, नाहीतर फार नीट हात धुवून मगच काढा. जे मूल सारखं डोळे चोळतं त्याच्या हातात देऊ नका, त्याला तुमच्या हातावर बघू द्या, तेवढ्यानेही त्याचं मन भरतं.

हातावर घ्यायची पद्धत. हात साध्या पाण्याने धुवा, सेंट, सॅनिटायझर, क्रीम, डासांचं औषध काही नको, मिलिपीडची श्वासाची छिद्रं पोटाकडे पायांच्या मुळाशी असतात आणि तो तुमच्या हातावर पोटानेच चालणार आहे. हात किंचित ओला ठेवला तर त्याला बरं वाटतं. जमिनीवर बसा किंवा पलंगावर, कारण त्याच्या कवचात चुना असतो, ते कडक असतं पण पडला की तडा जातो, आणि तडा गेलेला मिलिपीड बहुधा वाचत नाही. वरून झडप घालून उचलू नका, तळहात त्याच्या पुढे आडवा ठेवा, अँटेनांनी तपासू द्या आणि स्वतः चढू द्या. पूर्ण अंगाला आधार द्या, मधूनच धरून लोंबवू नका. उतरवताना ओढू नका, कधीच नाही, सगळे पाय पकड घेऊन असतात आणि ओढलं तर पाय तुटतात, हात मातीला टेकवा आणि त्याला उतरू द्या, वेळ लागला तर लागू द्या. दहा पंधरा मिनिटं पुरे, तेही आठवड्यातून दोन तीन वेळा.

द्रव लागलाच तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, न फाटलेल्या कातडीवर ताजा असताना अल्कोहोलने पुसून मग धुतलं तर थोडं जास्त निघतं. डाग राहिला तर राहू द्या, घासून घासून कातडी सोलू नका. डोळ्यात गेलं तर तिथल्या तिथे बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, उद्या बघू म्हणू नका.

घरी आणण्याआधी जागा तयार पाहिजे, कारण कोरड्या किंवा उपाशी मिलिपीडचा स्वभाव कितीही चांगला असला तरी तो चिडचिडा होतो. माती निदान त्याच्या लांबीइतकी खोल, आणि ती नुसती माती नाही तर त्यात कुजलेलं रुंद पानांच्या झाडाचं लाकूड आणि सुकी पानं भरपूर, कारण तेच त्याचं मुख्य जेवण. पाईन आणि देवदाराचं लाकूड नको, कीटकनाशक मारलेल्या जागची पानं नको. वर काकडी, भोपळा असं काहीतरी अधूनमधून, कॅल्शियमसाठी अंड्याच्या कवचाची पूड किंवा कटलबोन, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याच्या अंगातलं पांढरं कवच. तापमान २२ ते २८ अंश, माती दमट पण चिखल नाही, झाकणाला हवा खेळायला छिद्रं.

आणल्यावर दोन आठवडे हात लावू नका. तो बहुधा लगेच मातीत जाईल आणि काही दिवस दिसणारही नाही, उकरून काढू नका, आत कदाचित कात टाकायची खोली करून बसला असेल, आणि त्या वेळी उकरणं म्हणजे त्याला मारणंच, काही वेळा हे आठवडेच्या आठवडे चालतं. तो आपणहून वर आला, रात्री खाताना दिसायला लागला, डबा उघडल्यावर वेटोळं न करता चालत राहिला, की पहिल्या वेळी पाच मिनिटं हातावर घ्या.